दिव्यांग मुले आयटीआयत का येत नाहीत, आणि आली तरी कंपनीच्या गेटवर का अडतात

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या शासकीय आयटीआयतल्या गटनिदेशकांनी विचारले आहे: "आमच्याकडे दिव्यांगांसाठीच्या जागा दरवर्षी बहुतेक रिकाम्या राहतात. गेल्या वर्षी एक कर्णबधिर मुलगा फिटर ट्रेड चांगल्या गुणांनी पास झाला, पण एमआयडीसीत त्याला कोणी शिकाऊ उमेदवार म्हणून घेईना. मशीनवर अपघात झाला तर जबाबदार कोण, हे एकच उत्तर सगळीकडे मिळते. आमच्याकडे वेगळा निधी नाही, वेगळा माणूस नाही. आहे त्यात काय करता येईल?"

सर, तुमच्या प्रश्नात तीन अडथळे एकत्र आले आहेत. मूल आपल्या दारापर्यंत येत नाही, आले तर वर्कशॉपमध्ये मागे पडते, आणि पास झाले तर कंपनी घेत नाही. तिन्ही ठिकाणी घडते मात्र तेच. कोणीतरी मुलाकडे नीट न बघता, ट्रेडचे नाव आणि प्रमाणपत्रावरचा टक्का वाचून "हे त्याला जमायचं नाही" असे ठरवून टाकते. मी आधी निदेशक म्हणून आणि नंतर शिकाऊ उमेदवारीसाठी कंपन्यांशी बोलणी करण्यात बरीच वर्षे काढली आहेत. त्यातून माझे ठाम मत झाले आहे की हा निर्णय कामाच्या एकेका टप्प्यावर, मुलाला प्रत्यक्ष बाकावर उभे करून घ्यायला हवा. खाली जे सांगतो आहे ते सगळे यातूनच येते.

आधी रिकाम्या जागांबद्दल. मुले नाहीत म्हणून जागा रिकाम्या राहतात, असे नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद आहे. तुमच्या तालुक्यातही दहावीच्या आसपासची मुले असणारच. अडचण वेळेची आहे. आपले प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन सुरू होतात आणि ठरलेल्या तारखांना संपतात. पालकांना आयटीआयबद्दल कळते तेच मुळी तेव्हा. मग लक्षात येते की यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे केंद्रीय ओळखपत्रच नाही, किंवा जुने हाताने लिहिलेले प्रमाणपत्र आहे जे अर्जात चालत नाही. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग तपासणी ठरावीक वारीच होते. कर्णबधिर मुलाला बेरा, म्हणजे यंत्राने श्रवणशक्ती मोजायची तपासणी सांगितली की कधी मशीन बंद असते, कधी तंत्रज्ञ नसतो, कधी दुसऱ्या शहरात जायला सांगतात. एवढे होईपर्यंत प्रवेशफेऱ्या संपतात आणि त्या मुलाचे वर्ष जाते. पुढच्या वर्षी तो परत येत नाही, तोपर्यंत घरच्यांनी त्याला कुठल्यातरी दुकानात किंवा शेतावर लावलेले असते.

म्हणून आपले काम जानेवारीत सुरू व्हायला हवे. गटसाधन केंद्रात समग्र शिक्षेचे विशेष शिक्षक असतात. नेहमीच्या शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांची यादी त्यांच्याकडे असते, नावागावासकट. जिल्ह्यातल्या कर्णबधिर आणि अंध मुलांच्या शाळा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला माहीत असतात. या दोन ठिकाणी फोन करायला निधी लागत नाही. दहावीला बसणाऱ्या मुलांची प्रमाणपत्रे बघा, ज्यांची नाहीत त्यांना फेब्रुवारीतच रुग्णालयाच्या तपासणीच्या वाराला पाठवा. जूनमधली निम्मी धावपळ इथेच वाचते.

आणि पालकांना आयटीआयत बोलवा. त्यांना हॉलमध्ये बसवून माहिती देऊ नका, वर्कशॉपमध्ये घेऊन या. मशीन चालू असताना आणा. एकदा एका आईने मला विचारले होते, "याला भोंगा ऐकू येत नाही, मग सुट्टी झाली हे कळणार कसं?" मी काही बोलायच्या आत मुलाने, जो तिच्या तोंडाकडे बघत होता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले आणि नंतर बाकावरून उठणाऱ्या मुलांकडे. आई हसली. त्या दिवशी अर्ज भरला गेला. माहितीपत्रकाने हे होत नाही. पालकांची भीती अगदी बारीकसारीक गोष्टींची असते, संडास कुठे आहे, डबा कुठे खातात, एसटी किती वाजता सुटते, आणि ती उत्तरे जागेवरच मिळतात.

आता ट्रेड. खिडकीवरचा माणूस "याला कोपा (संगणकाचा ट्रेड) द्या, नाहीतर शिवण द्या" म्हणतो, तेव्हा त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला माहिती नसते. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या (डीजीटी) प्रत्येक ट्रेडच्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्याच तक्त्यात दिव्यांगांच्या पात्रतेची एक ओळ छापलेली असते. त्या ट्रेडला कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वाचे उमेदवार पात्र आहेत हे संक्षेपात दिलेले असते: डेफ म्हणजे कर्णबधिर, एलव्ही म्हणजे अल्पदृष्टी, एलसी म्हणजे कुष्ठमुक्त, वगैरे. फिटरच्या ओळीत कर्णबधिर आहेत. कोपाच्या ओळीत अंधही आहेत. तुमच्या आयटीआयत चालणाऱ्या सगळ्या ट्रेडच्या या ओळी एका कागदावर उतरवून प्रवेशाच्या खिडकीशी लावा. मी आजवर जेवढे वाद पाहिले त्यातले बरेच या एका कागदाने मिटले असते.

तरीही ती ओळ ही सुरुवात आहे, शेवट नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये ओंकार गोंड प्रकरणात जे म्हटले ते आपल्यालाही लागू करण्यासारखे आहे. महाराष्ट्रातल्या या विद्यार्थ्याला वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा टक्का चाळीसच्या वर आहे म्हणून वैद्यकीय प्रवेशाला अपात्र ठरवले होते. न्यायालयाने सांगितले की केवळ टक्क्याच्या आकड्यावरून कोणाला बाद करता येणार नाही. तो अभ्यासक्रम त्याला पूर्ण करता येईल का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहिले पाहिजे. त्याच्याही आधी, फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात, टक्का चाळीसपेक्षा कमी असला तरी वाजवी सोय नाकारता येत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले होते. तिथे प्रश्न परीक्षेतल्या लेखनिकाचा होता. आपल्याकडे हाताला कंप असलेला मुलगा आला आणि कार्डावर 30 टक्के, म्हणजे चाळीसपेक्षा कमी असले, तर राखीव जागा मिळणार नाही. पण परीक्षेत लेखनिक आणि वर्कशॉपमध्ये थोडा जास्त वेळ मागायचा त्याला हक्क आहे. आपले लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवतात.

"करता येईल का" हे तपासायचे कसे, ते फिटरच्या उदाहरणाने सांगतो. कागदावर पहिल्या सहामाहीची कामे लिहा: मार्किंग, हॅकसॉने कापणे, कानस मारणे, ड्रिलिंग, टॅपिंग, व्हर्नियरने मोजणे. प्रत्येकासमोर लिहा की हे काम करताना माणूस नेमके काय वापरतो. कर्णबधिर मुलाच्या बाबतीत सहापैकी बहुतेक कामांत कानाचा संबंधच नाही हे लगेच दिसते. प्रश्न येतो तो ड्रिलिंगला. बिट बोथट झाली की आवाज बदलतो आणि आपण कानाने ओळखतो. मी ज्या कर्णबधिर मुलांबरोबर काम केले, ती फीडच्या हँडलवरच्या तळहाताला ओळखतात. जॉब सैल असला तर थरथर वेगळी लागते, बिट गेली असली तर दाब वाढवावा लागतो, चिप्स तुटक येतात आणि निळ्या पडायला लागतात. एक मुलगा तर दुसऱ्याच्या मशीनच्या टेबलावर दोन बोटे टेकवून "वाइस घट्ट कर" अशी खूण करायचा, आणि तो बरोबर असायचा. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. पण जेव्हा मी ते कागदावर लिहून काढले, तेव्हा पुढच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात शिकवता आले, आणि कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरलाही दाखवता आले. तो कागद जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायाने अधू मुलासाठी हाच कागद वेगळे सांगतो. कानस मारायला वाइसचा जबडा कोपराच्या उंचीला लागतो, हे आपण पहिल्या दिवशी शिकवतो. मग बसून काम करणाऱ्या मुलाचे कोपर कुठे येते ते मोजा आणि एक बाक तेवढा खाली घ्या. वेल्डर आणि सुतारकामाच्या मुलांना तोच प्रॅक्टिकल जॉब म्हणून द्या. रॅम्प आणि कठडेही तसेच होतात. फक्त उतार एकास बारा ठेवा. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबी लागते. बऱ्याच संस्थांत मी पाहतो की पायरीवर दोन फुटांची फळी टाकलेली असते आणि तिला रॅम्प म्हणतात. त्यावरून व्हीलचेअर एकट्याला चढवता येत नाही आणि उतरताना माणूस पडतो. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो: वापरण्यासारखा संडास नसल्यामुळे सोडून गेलेल्या मुली मला माहीत आहेत. त्या कधी कारण सांगत नाहीत. रजिस्टरवर "घरगुती अडचण" लिहिले जाते.

शिकवण्याच्या पद्धतीत एक बदल सगळ्यात जास्त फरक पाडतो आणि तो फुकट आहे. आपण निदेशक मंडळी जॉब हातात धरून, खाली बघत, मशीन चालू ठेवून बोलतो. कर्णबधिर मुलाला एकाच वेळी आपले ओठ आणि आपले हात दोन्ही बघता येत नाहीत. आधी त्याच्याकडे तोंड करून सांगा, मग थांबा, मग हाताने करून दाखवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. प्रत्येक जॉबसाठी क्रमवार चित्रे काढलेले एक कार्ड बाकावर ठेवा. ते वर्गातल्या सगळ्यांनाच उपयोगी पडते, मराठी वाचनात कच्ची असलेली मुले तर त्यावरच तरून जातात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश केला आहे, तो मोबाइलवर बघता येतो. जी हत्यारे त्यात सापडत नाहीत त्यांच्या खुणा मुलाबरोबर बसून ठरवा आणि अख्ख्या बॅचला शिकवा. आठवड्याभरात पोरे एकमेकांशी खुणांनी बोलायला लागतात. विजेच्या घंटेला समांतर एक चमकणारा दिवा जोडणे ही तर तुमच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडची एका दुपारची गोष्ट आहे.

दृष्टिहीन मुलांबद्दल थोडक्यात. एनव्हीडीए हे स्क्रीनवरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि ते मराठीही वाचते. कोपाच्या लॅबमध्ये एका संगणकावर ते टाकून, हेडफोन देऊन सुरुवात होते. परीक्षेसाठी लेखनिक आणि तासाला 20 मिनिटे जादा वेळ यांचा अर्ज फॉर्म भरतानाच करा. ऐन वेळी केंद्रावर मागितले तर कोणी देत नाही.

आता कंपनी. इथे जरा जास्त वेळ घेतो, कारण तुमचा मुलगा इथेच अडला आहे.

"अपघात झाला तर जबाबदार कोण" हा प्रश्न टाळू नका. त्याला सरळ उत्तर आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम 1961 च्या कलम 14 नुसार कारखान्यातल्या आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी शिकाऊ उमेदवाराला कामगारासारख्याच लागू होतात. कलम 16 नुसार प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. ही जबाबदारी प्रत्येक अप्रेंटिससाठी सारखीच आहे. ऐकू येणाऱ्या मुलाच्या बोटाला लागले तर जे करावे लागते तेच इथे करावे लागते. दिव्यांग उमेदवार घेतल्याने कायद्यात कुठलीही वेगळी जोखीम अंगावर येत नाही. हे वाक्य मी एचआरसमोर सावकाश म्हणतो आणि कलम उघडून दाखवतो.

त्यांचा दुसरा मुद्दा शारीरिक पात्रतेचा असतो. 1961 च्याच कायद्याच्या कलम 3 मध्ये शारीरिक पात्रतेचा उल्लेख आहे, त्यावर बोट ठेवून काही कंपन्या नकार देतात. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा नंतरचा कायदा आहे आणि त्यात वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव मानला आहे. शिवाय त्याच्या कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी कंपनीने त्यात दिव्यांगांसाठी योग्य कामे, सोयी आणि समन्वय अधिकारी यांचा तपशील द्यायचा असतो. एचआरला नम्रपणे विचारा, "आपलं समान संधी धोरण बघायला मिळेल का?" मोठ्या कंपन्यांकडे ते बहुधा वेबसाइटवर असते, आणि त्यांच्याच शब्दांत लिहिलेले त्यांना वाचून दाखवले की बोलण्याचा सूर बदलतो. छोट्या कंपनीकडे नसेल, तर ते तयार करायला मदत करतो म्हणा. मी अशी मदत केली आहे आणि त्यातून दोस्ती झाली आहे.

आणि हे लक्षात ठेवा की कंपनीलाही अप्रेंटिस हवेच असतात. 2019 च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याच नियमांत आयटीआय पास उमेदवाराला किमान 7000 रुपये स्टायपेंड ठरला, आणि नॅप्स या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार स्टायपेंडच्या 25 टक्के, कमाल 1500 रुपये महिना उचलते. एक उणीवही सांगायला हवी. 1961 च्या कायद्यात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांसाठी जागांची स्वतंत्र कलमे आहेत, दिव्यांगांसाठी तसे कलम नाही. म्हणून इथे कोट्यावर बोट ठेवून भागत नाही, प्रत्येक मुलासाठी बोलावे लागते.

बोलायचे कोणाशी, यावर सगळे अवलंबून असते. एचआर "वर विचारतो" म्हणते आणि विषय थंड होतो. मी शक्यतो शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरला गाठतो. त्याला माणसाची गरज असते आणि कामाचे तुकडे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळतात. आपला तो कागद त्याच्यासमोर ठेवायचा आणि मुलाला तासभर बाकावर काम करू द्यायचे. मुलाने केलेला जॉब, व्हर्नियर लावून, सुपरवायझरच्या हातात द्यायचा. पाव मिलिमीटरच्या आत मेल-फिमेल फिटिंग, म्हणजे एकमेकांत बसणारे दोन तुकडे, बसलेले बघितल्यावर ऐकू येते की नाही हा प्रश्न तो स्वतःच बाजूला ठेवतो. मग तो सेफ्टी ऑफिसरशी तुमच्या बाजूने बोलतो. सेफ्टी ऑफिसरची खरी काळजी बहुतेक वेळा मशीनची नसतेच, ती फोर्कलिफ्टची असते, मागून येणाऱ्या हॉर्नची. त्यावर उपाय आहेत: फोर्कलिफ्टला जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा, पिवळ्या पट्ट्यांतूनच चालण्याची शिस्त, वळणावर बहिर्गोल आरसा, आणि आग लागल्यावर त्याला हात धरून बाहेर आणण्याची जबाबदारी नाव घेऊन एका शेजाऱ्यावर. बरेच कारखाने यातले अर्धे आधीच करतात.

पहिले दोन-तीन दिवस तुमच्यापैकी कोणीतरी त्याच्याबरोबर जा. लाइनवरच्या लोकांना चार खुणा शिकवा: थांब, बघ, बरोबर, चूक. सूचना व्हॉट्सॲपवर लिहून द्यायला सांगा. मुलाची भाषा सांकेतिक असेल तर लांबलचक मराठी वाक्य त्याला कठीण जाते, हे सुपरवायझरला आधीच समजावून सांगा, नाहीतर तो "याला वाचताही येत नाही" असा निष्कर्ष काढतो. छोटी वाक्ये, आकडे, फोटोवर बाण, एवढे पुरते.

एक धोका मात्र नीट बघा. एका कारखान्याने आमच्या मुलाला आनंदाने घेतले, पहिल्या महिन्यात सत्कारही केला, आणि मग वर्षभर पॅकिंगला बसवले. फिटरचा मुलगा खोक्यांना टेप लावत राहिला आणि परीक्षेला बसला तेव्हा हात गंजलेले. सत्काराच्या फोटोपेक्षा त्याची कामाची डायरी बघत जा. करारात ट्रेड आणि प्रशिक्षण असते, त्यानुसार कामाच्या जागा बदलल्या जात आहेत का हे महिन्यातून एकदा तपासा. होत नसेल तर आधी सुपरवायझर, मग एचआरला लेखी, मग तुमच्या जिल्ह्यातल्या बीटीआरआय (मूलभूत प्रशिक्षण) केंद्रातल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे. ते कायद्याने यासाठीच नेमलेले आहेत.

पैसा आणि प्रवास यांनी होणारी गळती कोणी मोजत नाही. एसटीत 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे. पण एसटी हमरस्त्यावर उतरवते आणि कंपनी आत दोन किलोमीटर असते. पहिली पाळी सकाळी सातची. पायाला आधाराचा कॅलिपर घालून चालणाऱ्या मुलाला तेवढे अंतर रोज जमत नाही. कामगारांची बस त्या फाट्यावर थांबेल का, सुरुवातीचे काही महिने जनरल शिफ्ट मिळेल का, हे करारावर सही व्हायच्या आधी विचारा. नंतर ते उपकार मागितल्यासारखे होते.

संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान घेणारी घरे स्टायपेंडला घाबरतात, आणि त्यांची भीती अनाठायी नाही. दिव्यांगांसाठी त्या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. सात हजारांचा स्टायपेंड वर्षाला 84,000 होतो. एका वर्षाच्या प्रशिक्षणासाठी कायमचे अनुदान घालवायला आई-वडील तयार होत नाहीत. त्यांना "काही होत नाही हो" असे तोंडी सांगू नका. तहसील कार्यालयाला त्यांच्यासाठी लेखी विचारणा करून द्या, आणि उत्तर आल्यावर त्यांना ठरवू द्या. नोकरी लागली की चित्र बदलते, ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्यासाठी दिव्यांग कर्मचाऱ्याची पगारमर्यादा 21,000 ऐवजी 25,000 आहे, म्हणजे घराला औषधपाण्याचा आधार जास्त काळ राहतो, हेही सांगा.

बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांचा विषय तुम्ही काढला नाही, पण ती मुले तुमच्या तालुक्यात आहेत आणि त्यांच्यासाठी दहावीची अट हीच भिंत ठरते. इथे ऑप्शनल ट्रेडचा रस्ता आहे. त्यात अभ्यासक्रम, कालावधी आणि प्रवेशाची पात्रता कंपनी स्वतः ठरवू शकते, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. स्टायपेंडच्या तक्त्यातही पाचवी ते नववी शिकलेल्यांचा स्वतंत्र गट आहे. बेकरी, लाँड्री, रोपवाटिका, हॉटेलचे हाउसकीपिंग, गोदामातले वर्गीकरण, अशा कामांचे छोटे टप्पे पाडून खरी अप्रेंटिसशिप बसवता येते. अठरा वर्षांवरील मुलाला स्वतः करार समजून घेणे शक्य नसेल, तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावे लागते. त्याला वेळ लागतो, आधी सुरू करा. या मुलांना दिवाळीच्या पणत्या, मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या यांच्यातच आयुष्यभर ठेवले जाते याचे मला वाईट वाटते. ज्या कार्यशाळा हे काम मनापासून करतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण 2016 च्या कायद्याचे कलम 19 या मुलांच्या प्रशिक्षणाला बाजारपेठेशी जोडा असे स्पष्ट सांगते, आणि वर्षातून एका प्रदर्शनात विकले जाणारे सामान म्हणजे बाजारपेठ नव्हे.

महाराष्ट्राला हे सगळे नवे असायचे कारण नाही. हात-पाय गमावलेल्या सैनिकांना व्यवसाय शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 पासून आहे, आज ती पुण्यात खडकीला आहे. वरोऱ्याच्या आनंदवनात, कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डमध्ये लोकांनी हे करून दाखवले आहे. फक्त ते ज्ञान त्या संस्थांच्या आवारातच राहिले, आपल्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये उतरले नाही. तुमची सहल एकदा तिकडे न्या, निदेशकांना घेऊन.

वेगळा माणूस नाही म्हणता, तर आहे त्यातल्या एकाचे नाव ठरवा. शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे 2016 च्या कायद्याच्या कलम 23 नुसार बंधनकारकच आहे, म्हणजे तुमच्या आयटीआयलाही ते लागू आहे. तोच माणूस जानेवारीतल्या फोनपासून कंपनीतल्या पहिल्या दिवसापर्यंत मुलाबरोबर राहू दे. प्राचार्य बदलले, निदेशक बदलले तरी मुलाची फाइल एकाच्या हातात असावी. मदतीला सायनचे दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, ते मुलाच्या क्षमतेचे मूल्यमापन करून देतात आणि तो अहवाल कंपनीसमोर ठेवता येतो. श्रवणाच्या बाबतीत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे.

तुमच्या त्या फिटर मुलासाठी याच आठवड्यात हे करा. अप्रेंटिसशिप पोर्टलवरची त्याची नोंदणी उघडून बघा, दिव्यांगत्वाचा रकाना आणि यूडीआयडी क्रमांक बरोबर भरला आहे का. त्याच्या कामांचा तो तक्ता बनवा आणि त्याच्याकडून एक फिटिंग जॉब नव्याने करून घ्या, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. ज्या कंपन्यांनी नाही म्हटले त्यांच्यापैकी जिथे सुपरवायझर तुमचा जुना विद्यार्थी आहे तिथे आधी जा. एमआयडीसीत असा एखादा असतोच. इतरांना पत्र द्या आणि नकार लेखी मागा. कारण लिहायची वेळ आली की काहीजण पुन्हा विचार करतात. जे लिहून देतील त्यांचे पत्र शिकाऊ उमेदवारी सल्लागारांना आणि पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवता येईल. मुलगा पास होऊन वर्ष होत आले आहे. हात चालू राहावा म्हणून तोपर्यंत त्याला दुपारी तुमच्या वर्कशॉपमध्ये येऊ द्या.